पावसाळ्यात १०८ आणि ११२ दोन्ही लागत नाहीत. वाडीने आधी काय तयारी करून ठेवावी?

सडेकर (प्रश्न)

वाडी संगमेश्वर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याला. चाळीस-एक घरं, त्यातली निम्मी पावसाळ्यात बंद, कारण मंडळी मुंबईला. जी राहतात ती बहुतेक साठीच्या पुढची. प्राथमिक आरोग्य केंद्र ११ किलोमीटरवर, ग्रामीण रुग्णालय देवरूखला. मध्ये एक साकव आणि एक कॉजवे, जोराच्या पावसात कॉजवेवरून पाणी जातं.

मोठा पाऊस लागला की लाईट जाते, पाच-सहा तासांनी रेंज जाते आणि कधी कधी दोन दिवस येत नाही. मधूनच फोनवर कांड्या पूर्ण दिसतात, पण कॉल लागत नाही. अशा वेळी साप चावला, छातीत दुखायला लागलं, झाड अंगावर पडलं तर करायचं काय? ग्रामस्थ मंडळाकडे यासाठी पंधरा हजार रुपये आहेत. सॅटेलाइट फोन घ्यावा, वॉकीटॉकी घ्यावे, की आणखी काही? नुसतं "काळजी घ्या" नको, नक्की काय करायचं ते सांगा.

---

अर्थिंग

आधी रेंजचं बघू. "फोन लागत नाही" यामागे तीन वेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

पहिला: कांड्याच नाहीत. टॉवरची वीज गेली, ४८ व्होल्टची बॅटरी बँक उतरली, जनरेटर असलाच तर डिझेल संपलं आणि रस्ता बंद म्हणून डिझेल पोचलं नाही. तुमचे पाच-सहा तास म्हणजे बॅटरीचे तास. इथे वाडीत बसून काहीही होणार नाही, दुसऱ्या टॉवरच्या नजरेत जावं लागतं.

दुसरा: कांड्या पूर्ण, कॉल नाही. टॉवर जिवंत आहे, पण त्याच्या मागची फायबर तुटली आहे, बहुतेकदा दरड नाहीतर जेसीबीमुळे. फोनला टॉवर दिसतो, टॉवरला पुढचं जग दिसत नाही. यात तासभर रिडायल करून बॅटरी संपवू नका. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्कखाली नेटवर्कची आपोआप निवड बंद करा आणि यादीतून दुसरी कंपनी हाताने निवडून बघा. मोठ्या वादळांत दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांच्या टॉवरवर ग्राहक घ्यायला लावतो, म्हणजे एका कंपनीचं सिम दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालतं. पण काही फोन आपण होऊन तिकडे उडी मारत नाहीत, त्यांना हाताने ढकलावं लागतं.

तिसरा: गर्दी. आसपासचे टॉवर मेले की उरलेल्या एकावर सगळे तुटून पडतात. कॉल कापला जातो, पण साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला कॉलसारखी स्वतंत्र वाहिनी धरून ठेवावी लागत नाही. व्हॉट्सॲप म्हणत नाही, साधा एसएमएस.

स्क्रीनवर "फक्त आपत्कालीन कॉल" असं दिसलं तर त्याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे. अशा वेळी ११२ च लावायचा, १०८ नाही. ११२ हा क्रमांक फोन स्वतःच आपत्कालीन म्हणून ओळखतो आणि मिळेल त्या नेटवर्कवरून पाठवतो. १०८ ला त्या अवस्थेत तो साधा क्रमांक समजू शकतो आणि अडवतो. ११२ वाले ॲम्ब्युलन्सकडे जोडून देतात.

दोन सिमबद्दल: दोन कंपन्यांची सिम ठेवली की निर्धास्त, असं नसतं. एकाच लोखंडी टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं टांगलेली असतात आणि वीज एकच असते. गेले की सगळे बरोबर जातात. याची परीक्षा मे महिन्यात घ्या. महावितरण देखभालीसाठी दिवसभर लाईट बंद ठेवते, त्या दिवशी प्रत्येक कंपनीचं सिम किती वाजता मेलं ते कागदावर लिहा. सगळ्यात उशिरा मेलेली दोन घ्या. जिओच्या सिमला साधा जुना टू-जी कीपॅड फोन चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

---

माळावरची_मैना

११२ ला रेंज लागतच नाही, सॅटेलाइटवरून जातो, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. खरं का? आणि पॉवर बटण दाबलं की मदत येते म्हणतात ते?

---

अर्थिंग

खोटं. कुठल्या तरी एका कंपनीचा टॉवर तरी दिसायलाच हवा. पॉवर बटण पटापट दाबणं (फोनच्या बनावटीप्रमाणे तीन किंवा पाच वेळा) किंवा कीपॅड फोनवर ५ नाहीतर ९ दाबून धरणं, हे ११२ ला कॉल लावण्याचेच आडमार्ग आहेत. कॉल जिथून जाणार नाही तिथून बटणही काही करणार नाही. आयफोनची सॅटेलाइट एसओएस सोय भारतात चालू नाही. मुंबईहून कुणी महागडा फोन आणला म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

---

ओपीडी_नंतर

रेंजचं वर आलंच आहे. मी फक्त तेवढ्या वेळात पेशंटचं काय करायचं ते लिहिते. एक नियम आधी ठरवून टाका: तीन वेळा फोन लावायचा, नाही लागला की निघायचं. लागेल लागेल म्हणत घालवलेला अर्धा-पाऊण तास पेशंटला परत मिळत नाही. एक जण फोनला, बाकीचे त्याच क्षणी गाडी आणि डोलीच्या तयारीला.

*साप.* तुमच्या भागात फुरसं, घोणस, मण्यार, नाग चारही आहेत. लस चारींवर एकच आहे, त्यामुळे साप मारून बरोबर आणायची गरज नाही, त्या भानगडीत दुसऱ्याला चावतो. अंगठी, बांगडी, पैंजण, जोडवी आधी काढा, कारण सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळकुट लावून सैल बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा. वर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे "वाटेत जाता जाता" सुद्धा थांबायचं नाही. पेशंटने स्वतः चालायचं नाही. चारचाकी नसेल तर मोटरसायकलवर चालवणारा पुढे, पेशंट मध्ये, धरणारा मागे, हे चालतं आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघण्यापेक्षा चांगलं. चावल्याची वेळ आणि सूज कुठपर्यंत आली ते पेनाने कातडीवरच लिहा.

मण्यारीचं वेगळं सांगते, कारण इथेच फसगत होते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटायला लागल्या की साप चावला असं धरूनच निघायचं. वाटेत लाळ गिळता येत नसेल तर डाव्या कुशीवर.

*छातीत दुखणं.* घाम, दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला द्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातून रक्तस्राव झालेला, किंवा तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं असं असेल तर द्यायची नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याची उसनी आणून देऊ नका. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यालाच, आणि तीही बसवून. रक्तदाब आधीच खाली असेल तर तिने आणखी कोसळतो. आणि या पेशंटला फाट्यापर्यंत चालवत नेऊ नका, "जमतंय मला" म्हणाला तरी.

*रक्तस्राव.* कोयता, झाड तोडायचं यंत्र, कौलं. स्वच्छ कापड जखमेत दाबून धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. हातापायाचं रक्त त्यानेही थांबत नसेल, उसळत असेल, तरच चार बोटं वर रुंद पट्टी (किमान चार सेंटीमीटर) काठीने पिळून आवळा, सांध्यावर नको, वेळ लिहा. सुतळी किंवा वायर नको, ती मांस कापते. ही आवळपट्टी फक्त रक्तासाठी, सापासाठी नाही. लोक हे दोन्ही एकमेकांत मिसळतात.

*श्वास थांबला असेल* तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच सेंटीमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. हे वाचून येत नाही. आरोग्य केंद्रात मेमध्ये सांगून एक दुपार शिकून घ्या.

आणि फोन असताना करायची कामं: कुठल्या केंद्रात सापाची लस शिल्लक आहे आणि रात्री डॉक्टर राहतात का, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारा. जवळचं केंद्र रात्री रिकामं असेल तर ११ किलोमीटर तिकडे जाऊन परत फिरण्यात अर्थ नाही, सरळ देवरूख. गरोदर बाईच्या तारखेची यादी आशाताईंकडे असते. तारखेच्या आठ-दहा दिवस आधी तिला रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे हलवा. इन्सुलिनवाल्यांनी फ्रिज बंद पडला म्हणून घाबरू नये. चालू असलेली बाटली कोकणातल्या पावसाळी हवेत माठाजवळ सावलीत चार आठवडे टिकते. बीपी, फिट, दमा यांची औषधं घरात निदान पंधरा दिवसांची हवीत.

---

बिनतारी

पंधरा हजारांतून सॅटेलाइट फोन विसरा. परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे, थुराया आणि इरिडियम तर नकोच. ट्रेकवाले वापरतात ते परदेशी सॅटेलाइट मेसेंजरही त्याच यादीत येतात. विमानतळावर लोक पकडले गेले आहेत. मुलगा दुबईहून "साधा ट्रॅकर" घेऊन येणार असेल तर त्याला आधीच सांगा.

वॉकीटॉकीत दोन जाती. ऑनलाइन दोन हजारांत मिळणारे पाच वॉटचे चिनी सेट आकर्षक असतात, पण ते हौशी आणि पोलिसांच्या पट्ट्यांत बोलतात. परवाना नसेल तर गुन्हा. विनापरवाना चालतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा, अर्धा वॉट. घेताना हाच पट्टा आणि भारतातली मान्यता खोक्यावर छापलेली बघा. खोक्यावर "१० किलोमीटर" लिहिलेलं असतं ते समुद्रावरचं. तुमच्याकडे झाडी आणि उतार धरून एक, फार तर दोन किलोमीटर. डोंगर मध्ये आला की शून्य. म्हणून त्याचा उपयोग वाडीतून आरोग्य केंद्राशी बोलायला नाही. वाडी ते खिंड, खिंड ते साकव अशी साखळी लावायला आहे: खिंडीत उभा माणूस ऐकतो आणि पुढे सांगतो. चार सेट पुरतात. पेन्सिल सेलवर चालणारे घ्या. जुलैत सौर पॅनेल चार्ज करेल ही आशा कोकणात धरू नका.

हौशी रेडिओवाले भूजच्या २००१ च्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात पहिले बोलू शकले होते. गावातला एखादा कॉलेजचा पोरगा परीक्षा देऊन परवाना काढायला तयार असेल तर उत्तम, पण तो या पावसाळ्याचा उपाय नाही.

डोंगरात अडकलेल्यासाठी: शिट्टी किंवा बॅटरीचा झोत, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा उत्तर द्यायचं. गप्प राहायचं मिनिट महत्त्वाचं, नाहीतर उत्तर ऐकूच येत नाही. शिट्टी आत गोळी नसलेली घ्या, भिजली तरी वाजते.

---

खळ्यातली_खुर्ची

वरच्या सगळ्यांचं बरोबर आहे, पण पैसा यंत्रांत घालायच्या आधी माणसं नेमा. माळीणला ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाव गाडलं गेलं, ते बाहेर पहिल्यांदा कळलं एसटीच्या ड्रायव्हरला, तो सकाळी गाडी घेऊन आला आणि गाव जागेवर नव्हतं. तळियेला २२ जुलै २०२१ ला दरड आली तेव्हा रस्ते बंद, फोन बंद, त्यामुळे बाहेरची मदत पोचायलाच उशीर झाला. तेव्हा तुमची पहिली गरज म्हणजे बाहेरच्या कुणाला तरी तुमचा आवाज बंद झाला हे कळलं पाहिजे.

मुंबईतल्या चाकरमान्यांपैकी दोघे नेमा. पावसाळ्यात रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, वाडीतून एक एसएमएस: "सर्व ठीक". लागोपाठ दोन आले नाहीत आणि हवामान खात्याचा ऑरेंज नाहीतर रेड अलर्ट आहे, तर त्यांनी तिथून तहसील आणि पोलीस ठाण्याला फोन करायचा. १०८ चा नियंत्रण कक्ष सगळ्या राज्याला पुण्यातून एकच आहे, त्यामुळे दादरहून लावलेला १०८ सुद्धा तुमच्यासाठी चालतो. १०७७ चं (जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष) मात्र तसं नाही, मुंबईतून नुसता १०७७ लावला तर मुंबईचाच कक्ष उचलणार. रत्नागिरी जिल्हा कक्षाचा एसटीडी कोडसकट पूर्ण क्रमांक त्यांच्याकडे लिहून द्या. पुण्यात उचलणाऱ्याला तुमची वाडी माहीत नसते आणि एका नावाची गावं चार तालुक्यांत असतात. म्हणून सांगायचा क्रम ठरलेला: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, मग फाट्यावरची खूण.

ग्राम सुरक्षा यंत्रणेत (एका कॉलवर सगळ्या गावाला निरोप देणारी सोय) नावं नोंदवली असतील तर छानच, पण ती फोनवरच चालते, टॉवर गेला की तीही गेली. देवळातली घंटा आणि ढोल जात नाहीत. थांबून थांबून तीन टोल म्हणजे माणूस आजारी, सलग घंटा म्हणजे पाणी किंवा दरड, घर सोडा. एवढे दोनच संकेत, तिसरा ठरवलात की रात्री कुणाला आठवणार नाही.

निरोप्या नेहमी दोघं पाठवा, चिठ्ठी लिहून. तोंडी निरोप अकरा किलोमीटरमध्ये बदलतो. चिठ्ठीत: नाव, वय, काय झालं, किती वाजता, शुद्धीवर आहे का, श्वास कसा, कुठली औषधं चालू, कुठला रस्ता उघडा, पेशंट कुठे आणून ठेवतोय. पेन्सिलने लिहा, शाई पसरते. दोन प्रती, दूध किंवा तेलाच्या प्लॅस्टिक पिशवीत. कॉजवेवर पाणी असेल तर पलीकडे जायचं नाही, गुडघाभर वाहतं पाणीसुद्धा माणूस ओढतं. पलीकडच्या वाडीतला एक माणूस आधीच बोलून ठेवा, जो पाणी चढल्यावर त्या काठाला येईल. प्लॅस्टिक बाटलीत चिठ्ठी आणि एक गोटा घालून अरुंद जागी फेकता येते, फेकायची जागा उन्हाळ्यातच बघून ठेवा.

डोली: आठ फुटांचे दोन चिवे (बांबू) आणि गोणपाटाची दोन पोती, तळाचे कोपरे कापून ओवलेली. माणसं आठ, चार उचलणार, चार मोकळे, दहा मिनिटांनी बदल. साठीच्या वरची माणसं आहेत म्हणता, तर शेजारच्या वाडीची चार तरणी पोरं या यादीत आत्ताच घाला.

एका गाडीत पाच लिटर पेट्रोल राखीव. लाईट नसली की पंपही बंद असतो. आणि रोख तीन हजार, शंभर आणि पन्नासच्या नोटांत, पोलीस पाटलांकडे. रेंज नसली की गुगल पेही नाही, एटीएमही नाही, आणि रात्री दीडला रिक्षावाला उधारी ठेवेलच असं नाही. रस्त्यावर झाड पडतंच, तेव्हा गाडीत करवत, कोयता, वीस मीटर दोर. महावितरणच्या तारेवर पडलेलं झाड मात्र लाईट बंद आहे असं समजून तोडू नका. कुणाच्या तरी इन्व्हर्टर किंवा जनरेटरमधून उलटा प्रवाह तारेत आलेला असू शकतो.

---

सडेकर

सगळ्यांचे आभार. दोन शंका. रेंज मिळते अशी जागा वर सड्यावर (डोंगरावरच्या उघड्या पठारावर) आहे, अर्ध्या तासाची चढण. तिथे माणूस पाठवणं बरोबर का? आणि पाच घरांत एकेकट्या म्हाताऱ्या आहेत, त्यांचं कळणार कसं?

---

अर्थिंग

सडा चालेल, पण गडगडाट होत असताना नाही. उघड्या सड्यावर उभा माणूसच सगळ्यात उंच असतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग. तिथे जागा नक्की कुठली ते आत्ता शोधा आणि दगडावर चुना लावून ठेवा. दहा पावलांनी फरक पडतो, कारण समोरचा टॉवर एका फटीतून दिसत असतो. बरोबर टू-जी चालणाऱ्या सिमचा कीपॅड फोन द्या, बाराशे-पंधराशेत येतो. चढताना एअरप्लेन मोड नाहीतर बंद, वर गेल्यावर चालू. रेंज शोधत राहिलेला फोन जास्तीत जास्त ताकदीने ओरडत राहतो आणि बॅटरी खातो. दहा हजार एमएएचची पॉवर बँक प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच देते. स्मार्टफोन दीड वेळा, कीपॅड फोन पाच-सहा वेळा. एसएमएस आधीच टाइप करून ड्राफ्टमध्ये ठेवा, वर भिजलेल्या बोटांनी लिहिता येत नाही.

कुणाच्या घरी फायबरचं वाय-फाय असेल तर राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग आत्ताच चालू करून ठेवा. टॉवर मेला पण फायबर जिवंत, असं होतं. त्यावरून ११२ जाईलच असं धरू नका, मुंबईच्या नेमलेल्या माणसाला लावा.

---

खळ्यातली_खुर्ची

म्हाताऱ्यांसाठी: सकाळी उठल्यावर पुढच्या पडवीत ठरलेला रंगीत टॉवेल टांगायचा, दिवेलागणीला आत घ्यायचा. नऊपर्यंत टॉवेल नाही दिसला तर शेजारचं घर जाऊन हाक मारणार, कुठलं घर कुणी बघायचं ते नावानिशी लिहा. आतून कडी घालून झोपतात, तेव्हा मागच्या दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या, नाहीतर दार फोडण्यात वेळ जातो. एक शिट्टी त्यांच्या उशाशी आणि एक न्हाणीघरात खुंटीला, हाताला येईल इतकी खाली. पडतात त्या बहुतेक तिथेच.